बॉक्सिंगवर पोट भरतं का?

यवतमाळात पोरगं क्रिकेटला जातं म्हटलं, तर कोणी काही विचारत नाही. कुस्ती, कबड्डी म्हटलं तरी खपून जातं. बॉक्सिंगचं नाव काढलं की मात्र घरात दोन प्रश्न लागोपाठ येतात. आईचा प्रश्न : "डोळागिळा फुटला म्हंजे?" आणि वडिलांचा : "पोट्टं बॉक्सिंग करून राह्यलं, पन त्याच्यानं पोट भरते का?"

आईच्या प्रश्नाकडे पुढे येऊच. आधी वडिलांचा घेऊ, कारण त्याचं उत्तर देश बदलला की बदलतं. इंग्लंडमध्ये बॉक्सरचं पोट ठोशांवर भरतं, कधी कधी तुडुंब भरतं, आणि तितक्याच लवकर रिकामंही होतं. आपल्याकडे बॉक्सिंग स्वतः जवळपास कोणाचंच पोट भरत नाही. ते भरते बॉक्सिंगमुळे लागलेली नोकरी. हा फरक नीट समजावा म्हणून या प्रकरणात आपण एकच वजनगट हातात घेणार आहोत. त्याचं नाव मिडलवेट. या गटात इंग्रजांनी मोठी नावं घडवली, आणि भारताचं ऑलिंपिकमधलं बॉक्सिंगचं पहिलं पदकही याच गटात आलं.

१. मधलं वजन म्हणजे किती?

आखाड्यातल्या दंगलीत जोड लावताना वस्ताद दोन्ही पहिलवानांना डोळ्यांनीच तोलतो. खांदे, मान, मांड्या पाहतो आणि सांगतो, "लावा ही जोड." कुस्तीत हे बरंचसं निभावतं, कारण हलका गडी पकड घेऊन, पाय अडकवून, जड गड्याचंच वजन त्याच्यावर उलटवू शकतो. बॉक्सिंगमध्ये पकडायला मनाई आहे. तिथे फक्त ठोसा, आणि ठोसा हाताने मारला तरी त्याचा जोर पायापासून निघतो. मागचा पाय जमिनीला रेटतो, कंबर फिरते, खांदा पुढे जातो आणि सगळ्या अंगाचं वजन मुठीमागे येऊन उभं राहतं. म्हणून ५२ किलोच्या मुलाला ७५ किलोच्या मुलासमोर उभं करणं हा सामना नसतो, तो अपघात असतो. डोळ्यांनी तोलून इथे भागत नाही. काटा लागतो.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये मिडलवेटची वरची मर्यादा १६० पौंड, म्हणजे सुमारे ७२.६ किलो. हौशी बॉक्सिंगमध्ये, म्हणजे शाळेपासून ऑलिंपिकपर्यंतच्या स्पर्धांत, मिडलवेट म्हटलं की ७५ किलो. नाव एकच, काटे दोन.

काट्याची गंमत इथे संपत नाही. व्यावसायिक लढतीचं वजन साधारणपणे आदल्या दिवशी होतं. समजा एका मुलाचं रोजचं वजन ७८ किलो आहे. शेवटच्या दिवसांत तो पाणी तोडतो, रेनकोट घालून पळतो, काट्यावर चढायच्या आधी बाटलीत थुंकत बसतो आणि ७२.६ वर उतरतो. वजन झालं की रात्रभर खातो-पितो, आणि दुसऱ्या दिवशी रिंगणात पुन्हा ७६-७७ किलोचा होऊन उभा राहतो. हौशी स्पर्धेत ही चलाखी चालत नाही. तिथे ज्या ज्या दिवशी लढत, त्या त्या दिवशी सकाळी वजन. पाच दिवसांत चार लढती असतील, तर चार वेळा काटा. अंगातलं पाणी आटवून पहिल्या दिवशी वजनात बसलेला मुलगा तिसऱ्या दिवशी पायांतून गेलेला दिसतो. शालेय स्पर्धांत आपली बरीच मुलं प्रतिस्पर्ध्याआधी या काट्याशीच हरतात, असं माझं मत आहे. वाढत्या वयाच्या पोराला पाणी तोडायला लावणारा प्रशिक्षक भेटला, तर दुसरा शोधावा.

आणि गट कायमचे नसतात. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा ७५ किलोचा गटच नव्हता. ७१ नंतर एकदम ८०. जन्मभर ७५ला लढलेल्या मुलांनी चार किलो उतरवायचे किंवा पाच चढवायचे, एवढाच पर्याय. महिलांमध्ये उलट झालं. लव्हलिना बोर्गोहाईंने टोकियोत ६९ किलोत कांस्य मिळवलं, तो गट पॅरिसच्या यादीतून गेला आणि तिला ७५ किलोत जावं लागलं. बॉक्सरची कारकीर्द त्याच्या मुठीइतकीच कुठल्यातरी बैठकीतल्या निर्णयावर ठरते, हे पालकांना कोणी सांगत नाही.

२. हौशी आणि व्यावसायिक

आपल्याकडच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, गावगट वेगळा असतो आणि जनरल गट वेगळा. धुरकरी तोच, दाणी तीच, पण जोडीवरचा खर्च, बक्षीस आणि बघायला लोटणारी गर्दी यांचा मेळ नसतो. हौशी आणि व्यावसायिक बॉक्सिंगचं तसंच आहे.

हौशी लढत तीन फेऱ्यांची, प्रत्येक फेरी तीन मिनिटांची. रिंगणाभोवती पाच पंच बसतात. पाचही जणांनी एकालाच कौल दिला, तर निकाल ५-० असा लिहितात. वर्तमानपत्रात वाचलेल्या ५-०चा अर्थ पाच गोल नव्हे. लढणाऱ्याला सहसा पैसे मिळत नाहीत. मिळतं ते पदक आणि प्रमाणपत्र. व्यावसायिक लढत चार फेऱ्यांपासून बारा फेऱ्यांपर्यंत असते, पूर्वी पंधरापर्यंत असे. तिथे प्रत्येक लढतीचं मानधन ठरतं. लढत जुळवणारा, तिकिटं विकणारा आणि टीव्हीशी करार करणारा माणूस म्हणजे प्रवर्तक. बॉक्सरच्या वतीने बोलणी करणारा तो व्यवस्थापक.

आता छोटा हिशेब करू. समजा, लढतीचं मानधन एक लाख ठरलं. ब्रिटनमध्ये व्यवस्थापकाचा वाटा पंचवीस टक्क्यांपर्यंत जातो : गेले २५ हजार. प्रशिक्षकाला दहा टक्के द्यायची रीत आहे : गेले १० हजार. उरले ६५. त्यातून सरावाला आणलेल्या जोडीदारांचे पैसे, प्रवास, वैद्यकीय तपासण्या. आणि मग वर्ष संपल्यावर प्राप्तिकर. तोवर हातातले पैसे शिल्लक असतील, तर ठीक. वर्षातून अशा तीन-चार लढती, आणि मधले महिने कोरडे. दरमहा पगाराची सवय असलेल्या माणसाला हा हिशेब कळतो. विशी-बाविशीत एकदम पैसा पाहिलेल्या मुलाला तो कळत नाही. याचं सगळ्यात मोठं उदाहरण इंग्लंडमधल्या लेमिंग्टन गावात जन्मलं.

३. चौसष्ट दिवसांचा राजा

रँडॉल्फ टर्पिन. जन्म ७ जून १९२८. वडील लायनेल दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयानातून आलेले कृष्णवर्णीय, आई गोरी इंग्रज. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने लायनेलची फुप्फुसं निकामी झाली होती. रँडॉल्फ एक वर्षाचाही झाला नव्हता तेव्हा ते गेले. पाच भावंडांत हा धाकटा. लहानपणी बुडता बुडता वाचला, त्यात एका कानाची ऐकण्याची शक्ती गेली.

थोरला भाऊ डिक आणि मधला जॅकी, दोघेही बॉक्सर. डिकची गोष्ट आधी सांगायला हवी. ब्रिटनमध्ये १९११पासून असा नियम होता, की राष्ट्रीय विजेतेपदासाठी लढणाऱ्याचे आई आणि वडील दोघेही गोरे हवेत. डिक कितीही चांगला लढला, तरी या नियमापुढे त्याची मूठ पोचत नव्हती. १९४८मध्ये हा नियम गेला, आणि त्याच वर्षी २८ जूनला बर्मिंगहॅमला व्हिन्स हॉकिन्सला हरवून डिक ब्रिटनचा मिडलवेट विजेता झाला. ब्रिटिश विजेतेपद मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय. जात पाहून आखाड्यात घेणारे-न घेणारे आपणही पाहिलेत, त्यामुळे या नियमाचा अर्थ वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

रँडॉल्फ नौदलात स्वयंपाकी होता. १९४५ आणि ४६ साली हौशी राष्ट्रीय विजेता झाला आणि ४६मध्येच व्यावसायिक बनला. त्याचा ठोसा दोन्ही हातांत होता. १९५०मध्ये त्याने ब्रिटिश विजेतेपद घेतलं. फेब्रुवारी १९५१मध्ये युरोपचं घेतलं, तेही पहिल्याच फेरीत, पहिलं मिनिट पुरं व्हायच्या आत.

त्या वर्षी जगाचा मिडलवेट विजेता होता अमेरिकेचा शुगर रे रॉबिन्सन. जाणकार आजही त्याला आजवरचा सगळ्यात सरस बॉक्सर म्हणतात. तोवरच्या शंभराहून अधिक लढतींत तो फक्त एकदा हरला होता. गुलाबी कॅडिलॅक गाडी आणि मोठा लवाजमा घेऊन तो युरोपच्या दौऱ्यावर आला होता. वाटेत एका इंग्रज पोराला हरवून पुढे जायचं, एवढाच त्याचा बेत असावा. १० जुलै १९५१ रोजी लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये, अठरा हजार प्रेक्षकांसमोर, टर्पिन पंधराच्या पंधरा फेऱ्या उभा राहिला. नुसता उभा राहिला नाही, रॉबिन्सनला मागे रेटत राहिला. त्या काळी ब्रिटनमध्ये गुण देणारा एकच माणूस, तो म्हणजे रिंगणातला रेफरी. शेवटची घंटा झाली आणि रेफरीने सरळ टर्पिनचा हात वर केला. तेवीस वर्षांचा पोरगा जगज्जेता झाला.

करारात परतीच्या लढतीचं कलम होतं. हे कलम नीट समजून घ्या, कारण व्यावसायिक बॉक्सिंगचा धंदा यावर चालतो : विजेता हरला, तर त्याला ठरलेल्या मुदतीत पुन्हा संधी द्यायची. तेव्हा १२ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर पुन्हा तीच जोड लागली. या वेळी साठ हजारांवर माणसं. दहाव्या फेरीत रॉबिन्सनच्या डोळ्यावर खोक पडली, रक्त वाहू लागलं. आता रेफरी आपल्यालाच थांबवणार, हे ओळखून तो जिवाच्या आकांताने तुटून पडला. टर्पिन खाली गेला, उठला, दोरांना टेकून ठोसे खात राहिला, आणि फेरी संपायला काही सेकंद असताना रेफरीने लढत थांबवली. टर्पिन जगज्जेता होता तो चौसष्ट दिवस.

यापुढची गोष्ट पैशांची आहे, आणि आपल्या प्रश्नासाठी तीच जास्त महत्त्वाची. दोन लढतींनी टर्पिनला इतका पैसा मिळवून दिला, की लेमिंग्टनमध्ये कोणी स्वप्नातही पाहिला नसेल. तो वाटला गेला, उडाला, वेल्समधल्या लँडडनो गावच्या टेकडीवरच्या हॉटेलात गुंतला. १९५३मध्ये जगज्जेतेपदाची आणखी एक संधी मिळाली, बोबो ओल्सनने ती हिरावली. मोठ्या लढती १९५८पर्यंत चालल्या. आयुष्यभरात एकूण ७५ लढती, ६६ विजय, ८ पराभव, १ बरोबरी. मग कर खात्याची मागणी आली, जुन्या कमाईवरची, जी केव्हाच संपली होती. १९६२मध्ये दिवाळखोरी. जगज्जेता भंगाराच्या आवारात काम करू लागला. हॉल भरवायला म्हणून लावतात तसल्या दिखाऊ कुस्त्याही तो लढला. १७ मे १९६६ रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं.

शेतीवरच्या देण्यापायी माणसं गमावलेल्या आपल्या जिल्ह्यात हे वाक्य वाचायला जड जाईल. पण ते लिहिल्यावाचून वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर खरं होत नाही. टर्पिनकडे ठोसा होता. महिन्याचा पगार नव्हता. २००१ साली वॉरिकच्या बाजारचौकात त्याचा पुतळा उभा राहिला.

४. बीजिंगचा तो गट

आता २००८च्या बीजिंग ऑलिंपिकला येऊ. गट ७५ किलो, मिडलवेट. त्या काळी ठोसे यंत्रावर मोजले जात, म्हणून निकाल १३-२, ९-४ असे लिहिले जायचे.

हरियाणातल्या भिवानीजवळच्या कालुवास गावचा विजेंदर सिंग या गटात होता. वडील हरियाणा रोडवेजचे चालक. थोरला भाऊ मनोज बॉक्सिंगच्या जोरावर सैन्यात लागला आणि त्या पगारावर त्याने धाकट्याचा सराव चालू ठेवला. विजेंदरने पहिल्या लढतीत गाम्बियाच्या बाडू जॅकला १३-२ हरवलं, मग थायलंडच्या खेळाडूला, मग इक्वेडोरच्या कार्लोस गोंगोराला ९-४. उपांत्य फेरीत क्युबाचा एमिलिओ कोरेया त्याला ८-५ भारी पडला. हौशी बॉक्सिंगमध्ये उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्य मिळतं, तिसऱ्या क्रमांकाची वेगळी लढत नसते. अशा रीतीने भारताला ऑलिंपिक बॉक्सिंगचं पहिलं पदक मिळालं.

कोरेयाला अंतिम फेरीत भेटला इंग्लंडचा जेम्स डिगेल. कोरेयाने प्रतिस्पर्ध्याला चावायचा प्रयत्न केला म्हणून त्याचे दोन गुण कापले गेले, आणि डिगेल १६-१४ असा, बरोबर दोन गुणांनी, जिंकला.

डिगेल आणि विजेंदर, एकाच गटातली ही दोन मुलं पुढे कुठे गेली ते पाहा. डिगेलने काही महिन्यांतच, फेब्रुवारी २००९मध्ये, पहिली व्यावसायिक लढत दिली आणि २०१५मध्ये पुढच्या वजनगटात, सुपर मिडलवेटला, जगज्जेतेपद घेतलं. विजेंदरने हरियाणा पोलिसांत उपअधीक्षकाची नोकरी घेतली. हरियाणात तेव्हा घोषणाच होती, पदक लाओ, पद पाओ. विजेंदर व्यावसायिक झाला तो २०१५मध्ये, वयाच्या तिशीला टेकल्यावर, आणि तेही मँचेस्टरला जाऊन. सरकारी पगार घेऊन व्यावसायिक लढती चालतात का, यावर वादही झाला. त्याच्या चौदा लढतींत तेरा विजय आहेत. पहिला पराभव आपल्या शेजारी गोव्यात झाला, मार्च २०२१मध्ये, एका कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर.

आणि विजेंदरने १३-२ असा लोळवलेला तो बाडू जॅक? तो व्यावसायिक बनून जगज्जेता झाला. जानेवारी २०१७मध्ये न्यूयॉर्कला त्याची लढत झाली ती याच डिगेलशी, आणि ती बरोबरीत सुटली. विजेंदरला नोकरीने रोखलं, असं म्हणायचा मोह होतो. मला ते पटत नाही. बस चालवणाऱ्या बापाच्या पोराने पोलीस उपअधीक्षकाची वर्दी नाकारून मँचेस्टरला भाड्याच्या खोलीत राहावं, हा सल्ला द्यायला कोणाच्याही बापाचं काही जात नाही.

५. आपला रस्ता अकोल्यावरून

महाराष्ट्रात या खेळाचं घर पुण्या-मुंबईतच आहे असा समज आहे, पण पश्चिम विदर्भाला तो लागू नाही. राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी, म्हणजे निवडक मुलांना निवास, आहार, शाळा आणि प्रशिक्षण एकाच जागी देणारी योजना, १९९६मध्ये सुरू झाली. तिचं बॉक्सिंगचं केंद्र अकोल्यात आहे. बुलडाणा जिल्ह्यात चिखली तालुक्यातल्या सवणा गावचा अनंता चोपडे इथूनच पुढे गेला. जुलै २०१९मध्ये इंडोनेशियात झालेल्या प्रेसिडेंट्स कपमध्ये त्याने ५२ किलोत सुवर्णपदक घेतलं, अंतिम फेरीत अफगाणिस्तानच्या खेळाडूवर ५-०. त्याच स्पर्धेत मेरी कोमनेही सुवर्ण जिंकलं होतं.

नागपूरच्या आल्फिया पठाणचे वडील पोलीस खात्यात. ती मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात शिकली आणि एप्रिल २०२१मध्ये पोलंडमध्ये ८१ किलोंवरील गटात युवा जगज्जेती झाली. पुढच्याच वर्षी कझाकस्तानात, त्यांच्याच भूमीवर, तिने माजी जगज्जेत्या लज्जत कुंगेइबायेवाला ५-० असं हरवलं. पुण्याची देविका घोरपडे २०२२मध्ये स्पेनमध्ये ५२ किलोत युवा जगज्जेती झाली. तिच्यासमोर अंतिम फेरीत होती इंग्लंडची मुलगी. निकाल पुन्हा ५-०.

मग यवतमाळच्या मुलाची वाट कशी जाते? शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय अशा चढत जातात. आपला विभाग अमरावती : अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशिम आणि यवतमाळ. म्हणजे जिल्ह्यात पहिला आलेला पुसदचा किंवा वणीचा मुलगा विभागात पोचला, की समोर अकोल्याच्या प्रबोधिनीत दोन वेळ सराव करणारा गडी उभा. राज्याच्या दारात जायच्या आधीच आपल्याला राज्यातल्या सगळ्यात कठीण जोडींपैकी एक लागते. याला दुर्दैव म्हणा; मी तर म्हणेन की चौदाव्या वर्षी मुलगा हाताला चांगला दिसला, तर प्रबोधिनीच्या निवड चाचणीला न्यावा. यवतमाळहून शकुंतला रेल्वे धावत होती तेव्हा मूर्तिजापूरला उतरून गाडी बदलली की अकोला यायचं. आता एसटी आहे.

दुसरी वाट सैन्याची. आर्मीच्या बॉइज स्पोर्ट्स कंपन्या लहान वयात मुलं निवडतात, आणि पुण्याची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट २००१पासून त्यांतल्या चांगल्यांना पुढे नेते. सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर असेच मुलांच्या पलटणीतून सैन्यात गेले आणि बॉक्सर झाले. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर अधू झालं. बॉक्सिंग तिथेच संपलं. मग ते पोहायला लागले आणि १९७२मध्ये हायडेलबर्गला पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेऊन आले. प्रपंच चालला तो पुण्याच्या टेल्कोतल्या नोकरीवर. टर्पिनच्या शेजारी ही कारकीर्द ठेवून पाहा. पेटकरांच्या हाती टर्पिनएवढा पैसा कधीच आला नाही, आणि टर्पिनच्या वाट्याला पेटकरांएवढी स्थिरता आली नाही.

तिसरी आणि सगळ्यात रुळलेली वाट सरकारी नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणाची. वरच्या पदांना आंतरराष्ट्रीय-राष्ट्रीय कामगिरी लागते, खालच्या पदांना राज्य पातळीचं पदकही चालतं. फारच मोठी कामगिरी असेल, तर थेट नेमणूक. कुस्तीगीर राहुल आवारे असाच पोलीस उपअधीक्षक झाला. इथे पदकाचं गणित कळायला हवं. समजा, गटात आठ मुलं आहेत. पहिली लढत जिंकली, की चौघांत आलात. पुढची हरलात तरी कांस्य पक्कं. सोळा असतील तर दोन लढती, बत्तीस असतील तर तीन. गर्दीच्या गटात तीन लढती जिंकूनही जे मिळतं, ते विरळ गटात एका विजयात मिळतं. म्हणून चतुर प्रशिक्षक मुलाचा गट निवडताना काट्याइतकीच नावांची यादीही पाहतो. यात फसवणूक काहीच नाही. पुढे राष्ट्रीय पातळीवर मात्र ही युक्ती पुरत नाही.

६. आईचा प्रश्न

डोळा फुटतो, नाक मोडतं, अंगठ्याचं हाड सरकतं. हे भरून येतं. खरी भीती डोक्याच्या आतली आहे. कवटीत मेंदू सैल बसलेला असतो. ठोशाने डोकं झटकन फिरलं की तो आतून आपटतो. असे हजारो धक्के वर्षानुवर्षं बसले, तर म्हातारपणी बोलणं अडखळतं, स्मरण जातं, हात कापतात. १९२८ सालीच अमेरिकेतल्या एका रोगनिदान-तज्ज्ञाने हा आजार वैद्यकीय नियतकालिकात मांडला होता. धोका बसलेल्या धक्क्यांच्या संख्येवर असतो, म्हणून तीन फेऱ्यांची हौशी लढत आणि बारा फेऱ्यांची व्यावसायिक लढत यांत बराच फरक पडतो. डोक्याला मार लागून लढत थांबली, तर किमान महिनाभर रिंगण बंद, दुसऱ्यांदा झालं तर त्याहून जास्त, असा हौशी स्पर्धांचा दंडक आहे. सरावातही तो पाळला जातो का, हे आईने विचारावं. हेडगार्ड कातडी फाटण्यापासून वाचवतं. मेंदूचं आपटणं त्याने थांबत नाही.

हातांचंही तसंच. मुठीवर ग्लोव्ह चढवण्याआधी मनगटापासून बोटांच्या गाठींपर्यंत कापडी पट्टी गुंडाळतात : मनगटाला तीन-चार वेढे, मग तळहातावरून गाठींवर, मग बोटांच्या बेचक्यांतून, शेवटी पुन्हा मनगट. मूठ उघडल्यावर सैल आणि मिटल्यावर घट्ट वाटली, की पट्टी बरोबर बसली. जिथे नव्या मुलाला पहिल्या दिवशी हे शिकवतात आणि पहिले काही महिने फक्त पाय हलवायला लावतात, तिथे मुलगा सुरक्षित आहे. पहिल्याच आठवड्यात लढत लावून टाळ्या पिटणारी जागा असेल, तर घरी परत आणा.

७. प्रवेश घेण्याआधी

शेवटी कागदांचं. भारतातल्या बॉक्सिंगची राष्ट्रीय संघटना २०१२मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने निलंबित केली आणि नवा महासंघ मार्गी लागेपर्यंत २०१६ उजाडलं. त्या काळातल्या मुलांची उमेदीची वर्षं भांडणात गेली. महाराष्ट्रात ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची बोगस प्रमाणपत्रं देऊन नोकऱ्या लाटल्याचं प्रकरणही उघडकीस आलं. तेव्हापासून विभागीय क्रीडा उपसंचालकांकडची प्रमाणपत्र पडताळणी कडक झाली आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्याची झळ खऱ्या खेळाडूलाही बसते, कारण त्याच्याकडे नेमका एखादा कागद नसतो.

म्हणून मुलाला रिंगणात घालण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा आणि तीन गोष्टी विचारा. ही संघटना मान्यताप्राप्त आहे का? या स्पर्धेचं प्रमाणपत्र पाच टक्क्यांत चालतं का? दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी कुठल्या पातळीपर्यंत खेळावं लागतं? उत्तरं लिहून घ्या. स्पर्धा संपली की प्रमाणपत्राबरोबर प्रवेशिका आणि निकालपत्रक यांची प्रतही मागून घ्या, त्याच दिवशी, मैदानावरच. पाच वर्षांनी पडताळणीच्या वेळी ती कोणी शोधून देत नाही.